घरच्या मोटारगाडीस यंत्राने पॉलिश व मेण करण्याची रीत

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी बैलजोडी उभी असे. आज तिच्या शेजारी, किंवा तिच्या जागी, ट्रॅक्टर, भाजीपाला वाहणारी पिकअप गाडी अथवा कुटुंबाची लहान मोटार उभी असलेली दिसते. बैलाच्या अंगावरील तुकतुकी ही त्याच्या प्रकृतीची खूण होय, हे जाणून आपण त्यास धूत व खरारा करीत आलो. मोटारीच्या रंगाचेही तसेच आहे. रंग केवळ शोभेसाठी नसून तो पत्र्याचे कवच आहे. हे कवच फुटले की ओलावा व हवा लोखंडापर्यंत पोचतात, गंज धरतो आणि एकदा धरलेला गंज रंगाच्या आतून पसरत जातो. गाडी विकण्याची वेळ आली म्हणजे गिऱ्हाईक प्रथम पत्रा पाहते आणि त्यावरून किंमत पाडते, हा अनुभव सर्वांनाच आहे.

विजेवर चालणारी पॉलिशची लहान यंत्रे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात, व पुष्कळ लोक हे काम घरीच करू लागले आहेत. ते अवघड नाही. तथापि रीत न समजता यंत्र हाती घेतल्यास वर्षानुवर्षे टिकणारा रंग तासाभरात झिजून जातो, आणि त्यावर गाडी पुन्हा रंगविण्यावाचून उपाय राहत नाही. यास्तव पुढील सूत्र ध्यानी ठेवावे: धुणे नित्य, मेण ठरावीक काळाने, आणि पॉलिश क्वचित.

रंगाचे थर

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, त्यावर रंगाचा थर व सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. ही पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर रूढ होत गेली. या सर्व थरांची एकत्र जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापैकी वरचा पारदर्शक थर अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. पॉलिशचे सर्व काम या पातळ थरातच होत असते.

जुन्या जीपगाड्या व पुष्कळसे ट्रॅक्टर यांवर असा पारदर्शक थर नसून एकाच जातीचा रंग असतो. हा फरक काम सुरू करण्यापूर्वीच ओळखावा. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन आडबाजूच्या जागी हलके चोळावे. फडक्यास गाडीचा रंग लागला तर रंग एकजिनसी आहे असे समजावे. न लागल्यास वर पारदर्शक थर आहे.

पॉलिश व मेण यांतील भेद

पॉलिश व मेण ही एकच वस्तू होय असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे अतिशय बारीक कण असतात. सहाणेवर चंदन उगाळल्याने खोड जसे झिजते, तसा पॉलिशने रंगाचा वरचा थर झिजतो. ओरखडा त्याने भरून येत नाही. शेतातील उथळ चर बाहेरची माती न आणता घालवावयाचा असेल, तर दोन्ही बाजूंची जमीनच चराच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. पॉलिश नेमके हेच करते. म्हणून ओरखडा खोल असेल तर त्याच्या पाठीस लागू नये. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशचे काम नव्हे. तेथे त्याच रंगाचा बारीक लेप देऊन पत्रा झाकावा.

मेण याच्या उलट आहे. ते काही काढीत नाही, वर पातळ आवरण घालते. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर नैसर्गिक मेण असते. उसाच्या कांडीवर दिसणारी पांढरी भुकटी हेही मेणच होय. मोटारीच्या चांगल्या मेणात बहुधा ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील कार्नोबा मेण असते. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नोबा सुमारे ८२ ते ८६ अंशांना. उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर ते टिकते ते यामुळेच.

यंत्र कोणते घ्यावे

पॉलिशची यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिल्यात पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरते. हे यंत्र जलद काम करते, परंतु एका जागी क्षणभर रेंगाळले तरी रंग तापून जळतो. दुसऱ्यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता मध्यापासून थोडे बाजूलाही झुलते. त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते व चूक होण्याचा धोका घटतो. नवशिक्याने दुसऱ्याच प्रकारचे यंत्र घ्यावे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. वेल्डिंगच्या कामातील लहान ग्राइंडरला पॅड बसवून पॉलिश करण्याची युक्ती काही ठिकाणी योजली जाते. असा ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेतो. पॉलिशचे पहिल्या प्रकारचे यंत्र साधारणतः ६०० ते ३,००० फेऱ्यांच्या मर्यादेत चालते. ग्राइंडरखाली रंग पाहता पाहता जळतो व पॅड सुटून अंगावर येण्याचेही भय असते. ही युक्ती कदापि करू नये.

पूर्वतयारी

सर्व कामात धुण्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. रस्त्यावरील धुळीतील वाळूचे कण रंगाहून कठीण असतात. ते अंगावर असताना पॅड फिरविल्यास आपण गाडीस पॉलिशऐवजी कानसच घाशीत असतो. गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. प्रथम नुसत्या पाण्याने चिखल व धूळ भिजवून वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडी धुण्याचा साबण, दुसरीत स्वच्छ पाणी. मऊ फडके दर वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पहिलीत बुडवावे, आणि टपापासून खाली धूत यावे. कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा वापरू नये. त्याने अंगावरील मेण निघून जाते. ओढ्यात किंवा नदीत गाडी घालून धुऊ नये, कारण तेल व वंगण पिण्याच्या पाण्यात मिसळते.

शेतावरील गाडीस काही विशेष शत्रू आहेत. रासायनिक खताच्या गोण्या वाहिल्यानंतर सांडलेले खत ओलावा धरून पत्रा खाते. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांनी टाकलेला चिकट मधुरस पडतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हात रंगावर डाग पाडते. या वस्तू त्याच दिवशी धुवाव्यात. वाळलेली विष्ठा खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे तीवर ठेवून ती मऊ करावी व मग उचलावी.

गाडी पुसून कोरडी झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवावा. पृष्ठभाग खरखरीत लागला तर धुण्याने न निघालेले कण रंगात रुतले आहेत असे समजावे. ते काढण्यासाठी चिकणमातीच्या गोळ्यासारखा क्ले बार मिळतो. साबणाच्या पाण्याने जागा ओली ठेवून तो हलक्या हाताने फिरवावा. गोळा जमिनीवर पडल्यास टाकून द्यावा. शेवटी काचेभोवतीची रबरे, काळे प्लॅस्टिक, नावाची अक्षरे व पत्र्याच्या कडा यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. कडा व उंचवट्यावरील धारा येथे रंग सर्वांत पातळ असतो, व यंत्राने रंग उडतो तो बहुधा तेथेच.

पॉलिश करण्याची रीत

१. सुमारे दीड फूट चौरस जागा निवडावी. प्रथम सर्वांत मऊ पॅड व सर्वांत सौम्य पॉलिश वापरून पाहावे. त्याने काम भागल्यास अधिक तीव्र पॉलिश घेऊ नये.

२. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्यावेत. पॅड पत्र्यावर टेकवून मगच यंत्र सुरू करावे, अन्यथा पॉलिश चौफेर उडते. थांबवतानाही यंत्र बंद होऊन पॅड थांबल्यावरच उचलावे.

३. प्रथम सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरावे. नंतर वेग वाढवावा. यंत्रावर १ ते ६ आकडे असल्यास ४ किंवा ५ पुरे.

४. यंत्र सेकंदास सुमारे एक इंच या गतीने पुढे न्यावे. पेरणीत तासे पडतात तसे सरळ पट्टे घ्यावेत, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एकदा आडवे, एकदा उभे असे तीन-चार हात पुरतात.

५. पॅड सपाट ठेवावे व यंत्रावर भार टाकू नये. झुलणाऱ्या यंत्रावर फार भार दिल्यास पॅड फिरणे थांबून नुसते थरथरते. पॅडमागील चकतीच्या कडेवर शाईची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे ती फिरते की नाही हे दिसत राहते.

६. मऊ मायक्रोफायबर फडक्याने पॉलिश पुसून तिरप्या उजेडात जागा तपासावी. काही पॉलिशमधील तेलामुळे ओरखडे तात्पुरते झाकले जातात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने जागा पुसावी व खरी स्थिती पाहावी.

७. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करावे. एका लहान मोटारीस पाच-सहा तास सहज लागतात. घाईने हे काम करू नये.

कोठे थांबावे

काम चालू असता पत्र्यावर हात ठेवून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही, चटका बसल्यास तत्काळ थांबावे. पुढचे-मागचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. प्लॅस्टिकमधून उष्णता पसरत नाही, म्हणून तेथील रंग लवकर जळतो. पारदर्शक थर असलेल्या गाडीचा रंग पॅडवर दिसू लागला, तर वरचे कवच संपले असे समजून तेथे पुन्हा यंत्र लावू नये. एकजिनसी रंगाच्या ट्रॅक्टरवर मात्र पॅडला रंग लागणे स्वाभाविक आहे. सर्व ओरखडे जावेत असा हट्ट धरू नये. दहापैकी सात-आठ गेले आणि थर शाबूत राहिला, तर काम उत्तम झाले. चकाकी नसलेल्या मॅट रंगावर पॉलिश मुळीच करू नये.

मेण लावणे

पॉलिशनंतर त्याच दिवशी मेण लावावे. ते मऊ पॅडने यंत्राच्या सर्वांत कमी वेगावर किंवा हातानेही लावता येते. थर जितका पातळ तितका चांगला. जाड थराने रक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. मग बोट ओढून पाहावे, आणि बोटाखाली स्वच्छ पत्रा दिसला की स्वच्छ फडक्याने पुसून काढावे. पुढील काच, टायरची धाव, ब्रेकच्या चकत्या, पायाखालची पेडले, पायरी व ट्रॅक्टरची बैठक यांस मेण किंवा पॉलिश लावू नये. पाय घसरून अपघात होतो.

चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा वापरलेल्या इंजिन तेलाचा बोळा फिरविण्याची सवय सोडावी. त्यावर धूळ चिकटते, रबर खराब होते आणि चमक दोन दिवसही टिकत नाही.

स्वतःची काळजी

यंत्र तीन पिनांच्या, जमिनीची तार जोडलेल्या प्लगवरच चालवावे. गळती होताच वीज तोडणारा स्विच घरात बसवलेला असल्यास उत्तम. ओल्या जागेत किंवा अनवाणी उभे राहून काम करू नये. वायर खांद्यावरून मागे घ्यावी. उपरणे, पदर, मोकळे केस व सैल बाह्या फिरत्या पॅडपासून दूर ठेवाव्यात. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास फडके बांधावे. मुलांस जवळ येऊ देऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक

मृगापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, एकदा मेण लावावे, म्हणजे पावसाळा त्यावरून निघून जाईल. दसऱ्यास आपण वाहनांची पूजा करतो. त्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन पुन्हा मेण लावावे. पूजेनंतर हळदकुंकू वेळेवर पुसावे व माळ तारेने न बांधता दोऱ्याने बांधावी. एरवी पत्र्यावर पाणी ओतून पाहावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर मेण शाबूत आहे, पाणी पसरून बसले तर मेण संपले आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेळा पाहावे. यंत्राने पॉलिश मात्र रंग खरोखर निस्तेज झाल्यावरच करावे, प्रत्येक वर्षी नव्हे.

हे यंत्र एका घरास वर्षातून एखाददुसऱ्या दिवशीच लागते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी गटास ते सामाईक घेण्याचे सुचवावे, आणि पहिले प्रात्यक्षिक नव्या मोटारीवर न करता भंगारातील एखाद्या दारावर किंवा बॉनेटवर करून दाखवावे. कडेवरील रंग किती लवकर उडतो हे तेथे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे स्वतःच्या गाडीवर यंत्र चालविताना प्रत्येकाचा हात आपोआप हलका होईल.