शनिवार तेल्यांची शिरगणती

ज्यू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिटलरचा जर्मनी उभा राहतो, आणि ते साहजिक आहे. १९३९ साली जगात सुमारे १ कोटी ६५ लाख ज्यू होते. त्यांतले ६० लाख मारले गेले, आणि ऐंशी वर्षांनंतरही तो जुना आकडा भरून आलेला नाही. इराकमधून १९५०-५१ साली लाखावर ज्यू देश सोडून गेले. परंतु आपल्या महाराष्ट्रात त्यांच्या केसालाही कोणी धक्का लावला नव्हता. तरी इथली संख्या ओसरली. ती का, एवढेच आज पाहायचे आहे.

आपले ज्यू म्हणजे मुख्यतः बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. बोली मराठी, पोशाख आपलाच, आणि नवसाला पोह्यांचा मलिदा. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. पुण्याच्या लाल देवळाचे कर्ते डेव्हिड ससून मात्र बगदादी. त्या घराण्याच्या मुंबईत गिरण्या होत्या. ज्यू तेवढे सारे शेठ, ही समजूत ज्यांची असेल त्यांनी बेने इस्रायलांकडे पाहावे. त्यांतले बहुसंख्य पलटणीत, रेल्वेत, टपाल खात्यात, कचेरीत पगारावर राबणारे होते.

आता शिरगणतीकडे वळू. १९५१ साली भारतात साडेसव्वीस हजार ज्यू होते, १९६१ साली साडेअठरा हजार, आणि १९७१ साली सहा हजारांच्या आत. कोचीनचे व बगदादी ज्यूही यात आले, पण मोठा वाटा बेने इस्रायलांचा.

मी कामगार चळवळीतला माणूस. असा आकडा दिसला की आधी रोजगाराचे काय झाले ते विचारतो. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांतले आपले स्थान टिकेल काय, ही चिंता त्यांना होती. त्यात १९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि धर्माची ओढही खरी होती. एक भाऊ गेला की दुसऱ्याला पत्र येई, आणि मग मुलीसाठी स्थळ शोधायचे तेही तिकडेच. आपल्या पिंपरी-चिंचवडला कारखाने आल्यावर गावोगावची माणसे इथे कशी गोळा झाली, ते आठवा. हाक पोचते ती नातलगाकडूनच.

पण तिथे पायघड्या नव्हत्या. अनेकांना बीरशेबा, दिमोना अशा वाळवंटातल्या वस्त्यांत धाडले. काहींनी १९५१ साली धरणे धरून परत जाण्याची मागणी केली आणि खरोखर भारतात परतले. पुढे मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांविषयी शंका काढली: इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी यांची आईकडची वंशावळ तपासा, असा १९६२ सालचा आदेश. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांनाच ज्यूपणाचा दाखला मागणे! त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. चिकाटीने लढवलेला हा लढा आपल्या युनियनच्या कार्यकर्त्यांनी अभ्यासण्याजोगा आहे.

आज इस्रायलात भारतीय वंशाचे ज्यू इथल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहेत, आणि तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. इकडे देशातली संख्या पाच हजारांच्या आत आली. महाराष्ट्र सरकारने त्यांना २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा बहुतेक घरे रिकामी होऊन अर्धशतक लोटले होते.

संख्या घटण्याचा अर्थ देवळात कळतो. ज्यूंच्या रूढ रीतीने सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हवेत. अलिबाग, पेण, रेवदंडा इथली प्रार्थनामंदिरे एके काळी गावच्याच माणसांनी भरत. गावात तीन-चार घरे उरली की दहावा माणूस मुंबईहून बोलवावा लागतो. तो आला नाही, तर ज्याने त्याने आपापली प्रार्थना म्हणायची आणि घरी जायचे.