किनाऱ्यावरून पुकारा: सर्व्हर आपणहून बातमी कशी देतो

मागच्या खेपेला एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘सर, क्रिकेटचा स्कोअर पान पुन्हा न उघडता आपोआप बदलतो, तो कसा?’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणकाशी गाठ उतारवयात पडली. तेव्हा उत्तर आमच्याच पद्धतीने देऊ.

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. बोट यायची आहे. आई पोराला पिटाळते, ‘जा, बघून ये आली का.’ पोरगं जाऊन येतं, ‘नाय आली.’ दहा मिनिटांनी पुन्हा तेच. याला पोलिंग म्हणतात. बहुतेक खेपा फुकट, आणि पोराची पाठ वळताच बोट लागली तर बातमी जवळजवळ दहा मिनिटं शिळी. दुसरा मार्ग असा की पोराने किनाऱ्यावरच बसायचं, बोट दिसली की घरी धावायचं आणि पुढच्या बोटीसाठी परत जायचं. हे लाँग पोलिंग. तिसरा मार्ग म्हणजे पोराने तिथेच उभं राहून येईल ती बोट पुकारायची आणि घरच्यांनी कान देऊन ऐकायचं. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स म्हणतात ते हेच.

यात जादू काही नाही. ब्राउझर नेहमीसारखीच विनंती करतो. सर्व्हर ‘टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीम’ या प्रकारचं उत्तर सुरू करतो, पण संपवत नाही. ‘डेटा’ शब्द, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, मग मजकूर. एक ओळ रिकामी सोडली की एक घटना पुरी झाली. ती रिकामी ओळ विसरलात तर पलीकडे काहीच उमटत नाही, यात भले भले फसतात. बोलणं एकतर्फी आणि फक्त मजकुराचं. दोन्हीकडून सतत बोलायचं असेल तर वेबसॉकेट घ्यावं. पण स्कोअरसाठी कोणी वॉकीटॉकी विकत घेतो का?

आता हजारो लोक असे कान लावून बसले तर सर्व्हरचं काय? जुनी रीत म्हणजे दर गिऱ्हाइकामागे एक वेटर, जो चहा संपेपर्यंत टेबलाशी उभा. इराणी हॉटेलात असं कधी चालेल का! एकच वेटर वीस टेबलं बघतो. ज्याची ऑर्डर तयार, त्याच्याकडे जातो. असिंक्रोनस सर्व्हर असा असतो. नुसतं ताटकळत राहण्याला तिथे फारशी किंमत पडत नाही. मात्र त्या एकट्या वेटरला एखाद्याने गप्पांत अडकवलं की वीसही टेबलं खोळंबतात.

आता आमच्या आवडीच्या मुद्द्याकडे येऊ. पुकारा ऐकू येत नाही, याचा अर्थ काय? बोट आली नाही, की पोरगं तिथून पळालं? कुमारिलभट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला अट आहे: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात न दिसणं हा पुरावा नव्हे.

म्हणून सर्व्हर मधूनमधून ‘मी आहे’ असं कळवत राहतो. मानकात साधारण पंधरा सेकंदांनी टिप्पणीची एक ओळ पाठवायची सूचना आहे, म्हणजे मधली यंत्रं जोडणी निकामी समजून तोडत नाहीत. गोम अशी, की ही टिप्पणी ब्राउझर स्वतःच गिळतो. आपल्या प्रोग्रामपर्यंत ती पोहोचतच नाही. पडद्यावर ‘संपर्क तुटला’ असं दाखवायचं असेल तर ठोका खऱ्या घटनेच्या रूपातच पाठवावा लागतो.

ही नुसती शब्दांची कसरत नाही. २०१७च्या ओखी वादळात जे आधीच खोल समुद्रात गेले होते त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचवता आला नाही. इशारा निघाला होता, पण मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंतच. दक्षिणेतल्या कित्येक बोटी तेव्हा आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. पुढे २०१९ साली इन्कॉइस या संस्थेने ‘जेमिनी’ हे यंत्र आणलं: उपग्रहाकडून इशारे बोटीवरच्या डबीत, तिथून ब्लूटूथने फोनवर. तेही एकतर्फीच. बोटीवरून उत्तर देता येत नाही, त्यामुळे ऐकलं कोणी आणि नाही कोणी, हे किनाऱ्याला त्यातून कळत नाही.

वेबवर निदान एक सोय आहे. प्रत्येक घटनेला क्रमांक द्यायचा. तार तुटली की ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि सांगतो, ‘शेवटचा मला बेचाळीस मिळाला होता.’ मग त्रेचाळीसपासून पुढचं द्यायचं. पण मंडळी, हे सर्व्हरने जपून ठेवलं असेल तरच! क्रमांक देऊन मजकूर फेकून देणारे प्रोग्राम आम्ही पुष्कळ पाहिलेत.

आणि सामना संपल्यावर? नुसती जोडणी तोडली तर ब्राउझर बिचारा पुन्हापुन्हा दार वाजवत राहील. तेव्हा पुढच्या विनंतीला २०४ हा आकडा परत द्यायचा, म्हणजे तो थांबतो. वेबसॉकेटचं पुढच्या वेळी बघू.