साथ आणि संख्या (भाग ६) : शंभरातले किती?

“चांदीपुरा झाला का शंभरातले पन्नास पोट्टे जातेच म्हनते.” पावसाळ्यात मेंदूज्वराची बातमी आली की खापरखेड्यात पानठेल्यावर काय, दवाखान्याच्या बाकावर काय, असे बोलणे कानावर येतेच. ते अगदी निराधार नाही. पण हे पन्नास कोणत्या शंभरातले, हे कुणी सांगत नाही, आणि नवा रोग किती मारक याचा सगळा हिशेब त्या शंभरावरच उभा असतो. साथ किती वेगाने पसरते ते मागच्या भागात पाहिले. ती किती जीव घेते हे कसे ठरवतात, ते आज पाहू. त्यासाठी लांब जायला नको. चांदीपुराचा विषाणू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नागपुरातच.

साल १९६५. नागपुरात डेंग्यू-चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रुग्णांचे रक्त तपासायला नेले. त्यातल्या दोन रुग्णांच्या नमुन्यांत एक अनोळखी विषाणू निघाला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला चांदीपुरा या ठिकाणाचे नाव मिळाले. तेव्हा त्याची ओळख तापाचा आणखी एक विषाणू, एवढीच होती. देशाच्या दूरदूरच्या भागांतल्या माणसांच्या रक्तातही त्याची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे कितीतरी लोकांना तो होऊन गेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग २००३ चा उन्हाळा-पावसाळा आला. आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ लागली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. टक्केवारी ५५.६. पानठेल्यावरचे पन्नास येतात ते इथून.

तोच विषाणू एकदा साधा ताप देणारा आणि एकदा निम्म्याहून जास्त मुलांचा जीव घेणारा कसा? विषाणूत काही बदल झाला का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारलाच. पण त्याआधी भागाकार पाहायला हवा. १९६५ मध्ये तापाचे रुग्ण तपासले गेले. २००३ मध्ये मोजणी झाली ती मेंदूवर परिणाम होऊन रुग्णालयात पोचलेल्या मुलांची. ज्यांना नुसती कणकण आली, आईने कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि चौथ्या दिवशी जी खेळायला गेली, ती मुले कुठल्याच यादीत आली नाहीत. छेदात फक्त सर्वांत गंभीर रुग्ण असतील, तर उत्तर मोठेच येणार. नव्या रोगाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे जवळजवळ नेहमी घडते, कारण सुरुवातीला नजरेत भरतात ते अत्यवस्थ रुग्णच.

म्हणून साथरोगतज्ज्ञ दोन वेगळे दर मानतात. ज्यांचे निदान झाले त्यांच्यापैकी किती दगावले, हा रुग्णमृत्युदर. ज्यांच्या शरीरात जंतू शिरला, मग लक्षणे दिसोत न दिसोत, त्यांच्यापैकी किती दगावले, हा संसर्गमृत्युदर. कोविडमध्ये हा फरक मुंबईने आकड्यांनिशी पाहिला. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. निदान झालेल्या रुग्णांत तेव्हा शंभरी पाचाहून जास्त मृत्यू दिसत होते. सर्वेक्षणावरून संसर्गमृत्युदराचा अंदाज निघाला ०.०५ ते ०.१० टक्के. अर्थात हा अंदाज मृत्यूंची नोंद पुरी झाली असेल तरच खरा. नोंद न झालेला प्रत्येक मृत्यू हा दर खोटाच कमी दाखवतो.

छेदाचा घोटाळा असा, तर अंशाचा वेगळा. माणूस आजारी पडतो आज आणि दगावतो दोन-तीन आठवड्यांनी. समजा एका साथीत रुग्ण दर आठवड्याला दुप्पट होताहेत. आज एकूण ८०० रुग्ण आहेत, १० मृत्यू झालेत. भागाकार केला की सव्वा टक्का येतो आणि हायसे वाटते. पण मृत्यू यायला तीन आठवडे लागत असतील, तर हे दहा जण तीन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांतले आहेत, आणि तेव्हा रुग्ण होते १००. खरा दर दहा टक्के. २००३ च्या सार्स साथीत हे प्रत्यक्ष घडले. सुरुवातीला चार टक्क्यांच्या आसपास सांगितला गेलेला दर मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेला १४ ते १५ टक्क्यांवर न्यावा लागला. साथ संपल्यावरचा हिशेब होता ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊच्या थोडे वर. याउलट कोविडच्या सुरुवातीला काही जण मृत्यूंना फक्त ‘बरे झालेले अधिक मृत’ या बेरजेने भागून भयंकर आकडे फिरवत होते. बरे झाल्याची नोंद मृत्यूपेक्षा उशिरा होत असेल, तर ही रीत उलट्या बाजूने फसवते.

चांदीपुरात हा उशीर नाही. ताप चढल्यापासून २४ ते ४८ तासांत मूल जाऊ शकते, आणि त्यामुळेच तिसरी अडचण उभी राहते. आरोग्य खात्याची लाइन लिस्ट डोळ्यांपुढे आणा. गाव, वय, ताप कधी आला, झटके कधी आले, भरती कधी केले, सॅम्पल कधी घेतले, निष्पत्ती काय. रक्तातली प्रतिपिंडे दिसायला काही दिवस लागतात. तोवर निष्पत्तीच्या रकान्यात ‘मृत’ लिहून झालेले असते. कधी सॅम्पलचा रकाना कोराच राहतो, कारण मूल वाटेतच गेले. म्हणजे जे सर्वांत लवकर दगावले त्यांचेच निदान पक्के होण्याची शक्यता सर्वांत कमी. हा रकाना वाचताना मला आकड्यांबद्दल बोलणे जड जाते. पण तो नीट वाचला नाही तर त्या मुलांचा हिशेबही चुकतो.

जून ते सप्टेंबर २००७ मध्ये आपल्याच नागपूर विभागात उद्रेक झाला. मेंदूज्वराची ७८ मुले नोंदली गेली, मृत्युदर ४३.६ टक्के. चांदीपुरा सिद्ध झाला तो निम्म्यांत, ३९ मुलांत. त्याआधी २००४ मध्ये गुजरातेत जेमतेम दोन डझन मुलांच्या उद्रेकात सुमारे तीन चतुर्थांश मुले गेली होती. इतक्या लहान संख्येत दोन-चार मुले इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी दहा-पंधराने हलते. २०२४ मध्ये जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे ३३ टक्के. त्यांत चांदीपुरा निश्चित झालेले ६४ होते. पंचावन्न, त्रेचाळीस, तेहतीस, अशी उतरण पाहून विषाणू मवाळ झाला असे म्हणण्याचा मोह होतो. माझ्या मते तसे म्हणायला आधार नाही. या याद्यांत मेंदूज्वराची इतर कारणेही मिसळलेली आहेत, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे. मूल किती तासांत भरती झाले आणि तिथे काय सोय होती, यानेही दर बदलतो. या विषाणूवर लस नाही, खास औषधही नाही. ताप उतरवणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज आवरणे, एवढेच हाती असते, आणि त्याला वेळेत सुरुवात व्हावी लागते.

तेव्हा ‘शंभरातले पन्नास’ हे चांदीपुराच्या प्रत्येक संसर्गाबद्दल खरे नाही. पण झटके येऊन बेशुद्ध पडलेल्या मुलाच्या आईबापांसाठी ते खोटेही नाही. त्यांचा छेद तोच आहे. ‘दर फुगवलेला आहे’ असे म्हणून कुणी बिनधास्त राहिले तर तो या लेखाचा चुकीचा अर्थ होईल.

सावनेर तालुक्यातल्या वाचकांना म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहते, डासापेक्षा बारीक असते. पावसाळ्याआधी भेगा लिंपून घ्या. आणि मुलाला जोराचा ताप येऊन झटका आला, मूल गुंगीत गेले, की सकाळची वाट पाहू नका, झाडफूक करत बसू नका. गाडी करा आणि थेट नागपूरचे मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. निघताना ताप नेमका कधी चढला ती वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. लाइन लिस्टमधला तो रकाना घरच्या माणसाशिवाय दुसरे कुणीही भरू शकत नाही.