सव्वा महिन्याच्या आत

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत या रीतीने काही बिघडत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात झालेल्या बाळाला मात्र ती फार महागात पडू शकते. अशा बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावा लागतो. सव्वा महिना पाळत बसलं तर ही मुदत घरातच उलटते.

मुदतीचं कारण असं. गर्भ साधारण 16 आठवड्यांचा झाला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टीची नस जिथे येऊन मिळते तिथून, रक्तवाहिन्या कडेकडे पसरू लागतात. नाकाच्या बाजूची कड त्या 36 आठवड्यांच्या सुमारास गाठतात, कानाच्या बाजूची 40च्या सुमारास. मूल 28 आठवड्यांत जन्मलं, तर त्याच्या पडद्याचा कडेचा बराच भाग अजून कोरा असतो.

पोटात प्राणवायू बेताचाच असतो आणि वाहिन्यांची वाढ प्राणवायूच्या ओढीवरच चालते. बाळाला काचेत ठेवून जादा प्राणवायू दिला की ही ओढ संपते, वाढ थांबते. आईकडून मिळणारी वाढीची द्रव्यंही नाळेबरोबर तुटलेली असतात. पुढे काही आठवड्यांनी पडद्याची गरज वाढते, रक्त पुरत नाही, आणि तो व्हीईजीएफ नावाचं द्रव्य भरमसाट सोडतो. मग वाहिन्या फुटतात खऱ्या, पण वेड्यावाकड्या आणि ठिसूळ. त्यांतून रक्त झिरपतं, व्रणाचे धागे तयार होतात, ते आखडले की पडदा जागेवरून सुटतो. हाच आजार आरओपी.

1942 साली बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. विचित्र गोष्ट म्हणजे तो उत्तम सोयींच्या रुग्णालयांतच जास्त दिसे. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखवलं. काही वर्षांत अमेरिकेतल्या चाचण्यांनी ते सिद्ध केलं. 1950 साली अपुऱ्या दिवसांत जन्मलेला आणि याच आजाराने दृष्टी गमावलेला गायक स्टीव्ही वंडर याच काळातला. पुढे प्राणवायू इतका आखडला गेला की डोळे वाचले, पण बाळं दगावू लागली. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधासारखंच मोजून द्यायचं असतं, हे शहाणपण असं दोन्हीकडून किंमत मोजून आलं. आज रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बहुधा 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात.

श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः किलोभराच्या किंवा त्याहून लहान बाळांना गाठतो. आपल्याकडे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांतही तो आढळतो. म्हणून भारतातला नियम सैल नाही: वजन 2000 ग्रॅमपेक्षा कमी किंवा 34 आठवड्यांच्या आतला जन्म असेल, तर तपासणी हवीच. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमहून हलकं बाळ असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. एकदा तपासून भागत नाही; वाहिन्या कडेपर्यंत पोचेतोवर डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात.

घरच्यांना बाहेरून काहीच कळत नाही, हीच खरी पंचाईत. बाळ दूध पितं, बाळसं धरतं, डोळे टपोरे दिसतात. बाहुलीत पांढरी झाक दिसू लागते तोवर बहुतेक वेळा पडदा सुटलेला असतो, आणि मग शस्त्रक्रियेनेही फारसं हाती लागत नाही. वेळेत सापडलं तर लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन पुष्कळ वेळा दृष्टी वाचवतं. मात्र उपचार ठरला की तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. सौम्य आजार तर आपोआपच ओसरतो. तज्ज्ञ गावोगाव नाहीत, हे खरं. त्यावर बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने 2008 पासून वाट काढली: प्रशिक्षित तंत्रज्ञ लहान गावांतल्या नवजात कक्षांत जाऊन पडद्याचे फोटो काढतात, तज्ज्ञ ते दूर बसून पाहतात.

पडदा वाचला तरी अशा मुलांत चष्मा आणि तिरळेपणा जास्त आढळतो. एरवी लांबच्या नजरेचा चष्मा लागतो तो डोळ्याचा गोल लांबट झाल्यामुळे. इथे गोल आखूडच असतो, पण पुढची पारदर्शक काच जास्त बाकदार आणि आतलं भिंग जाड राहतं. म्हणून शाळेत जाईपर्यंत दरवर्षी डोळे दाखवत राहावेत.

तुमच्या घरात किंवा शेजारी कमी दिवसांचं बाळ आलं असेल, तर घरी सोडताना मिळालेला कागद आजच काढून पाहा. त्यावर डोळे तपासणीची तारीख नसेल तर ती विचारून लिहून घ्या, आणि त्या दिवशी सव्वा महिना मोडून बाळाला घेऊन जा.