इलेक्ट्रिक मँडोलिन घेताय? रंग नंतर बघा, आधी दांडी बघा

आदिलाबाद : गणपती, नवरात्र आणि त्यामागून लग्नसराई तोंडावर आली की ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले आणि भजनी मंडळातली हौशी पोरं वाद्यांच्या चौकशीला लागतात. बेला, जैनथ, किनवट, पांढरकवडा या सगळ्या पट्ट्यात बेंजो घरोघरच्या ओळखीचा. इलेक्ट्रिक मँडोलिनचं तसं नाही. ते घेणाऱ्याने अनेकदा फक्त मोबाईलवर ऐकलेलं असतं, हातात कधी धरलेलं नसतं. महामार्ग ४४ ने वर नागपूर सुमारे २०० किलोमीटर, खाली हैदराबाद सुमारे ३००. आणलेलं वाद्य बदलायला परत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली आणि गाडीभाडं वेगळं. त्यामुळे काय बघून घ्यायचं, हे निघायच्या आधीच माहीत असलेलं बरं.

एक घोळ आधी मिटवू या. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते खरं तर बुलबुल तरंग. जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तायशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचाच हा भारतीय भाऊबंद. त्यात बटण दाबलं की पट्टी तारेवर बसते. मँडोलिनला बटणं नाहीत; बोट थेट तारेवर, पडद्याच्या मागे. म्हणून बेंजोवाल्याला मँडोलिनवर सूर ओढता येतो, मींड घेता येते. त्याची किंमत म्हणजे पहिले दोन-तीन महिने बोटांची सालं निघतात.

मराठी कानाला मँडोलिन माहीत आहे ते मुख्यतः हिंदी सिनेमातून. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः मँडोलिनचे उस्ताद होते, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकरही आधी मँडोलिनवादकच. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने तर ते वाद्य नायकाच्याच हातात दिलं. तेलुगू घरात मात्र मँडोलिन म्हटलं की एकच नाव निघतं: श्रीनिवास. नाशिकहून निघालेली गोदावरी नांदेड, बासर ओलांडून जिथे समुद्राला मिळते, त्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या पालकोल्लूचा हा मुलगा. जन्म १९६९ चा. इलेक्ट्रिक मँडोलिनवर त्याने कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्ये वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी तो गेला.

श्रीनिवासने काय बदललं, ते खरेदी करणाऱ्याने नीट समजून घ्यावं. साध्या मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, व्हायोलिनसारख्या जी-डी-ए-ई सुरांत लावलेल्या. जोडीमुळे आवाज भरतो, पण तो लवकर विरतो. म्हणून तर वादक नखी भराभरा खाली-वर चालवून सूर धरून ठेवतात. सिनेमातला तो थरथरता आवाज तोच. रागसंगीतात हे चालत नाही. तिथे एकदा छेडलेला सूर टिकला पाहिजे आणि तार ओढली की तो वाकला पाहिजे. जोडीतल्या दोन तारा ओढल्या तर दोघी सारख्या वाकत नाहीत, सूर फाटतो. श्रीनिवासने जोड्या काढून एकेरी पाच तारा ठेवल्या आणि टिकायचं काम पिकअप व अँपवर सोपवलं. अमेरिकेत पॉल बिग्स्बी या कारागिराने टायनी मूर या वादकासाठी १९५२ मध्ये पाच एकेरी तारांचं वाद्य केलं होतं. फेंडर कंपनीने १९५६ मध्ये काढलेलं इलेक्ट्रिक मँडोलिनही चार एकेरी तारांचंच.

तेव्हा दुकानदाराने "कोणतं दाखवू, भाऊ?" विचारलं की उत्तर ठरलेलं असावं. सिनेगीतं, कव्वाली, ऑर्केस्ट्रा करायचा असेल तर आठ तारा. अभंगातल्या आलापी, राग, सनईच्या अंगाने वाजवायचं असेल तर चार किंवा पाच एकेरी तारा. "दोन्ही कामं करतं" असं सांगून विकलेलं वाद्य बहुधा एकही काम धड करत नाही.

आवाज कुठून येतो

पिकअप दोन जातींचे. पहिला चुंबकाचा: लोखंडी तार चुंबकाजवळ थरथरली की भोवतीच्या कॉइलमध्ये वीज उमटते. आवाज गिटारसारखा, लांबणारा, गुळगुळीत. याला पोलादी किंवा निकेल गुंडाळलेल्याच तारा लागतात. लाकडी मँडोलिनच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारा लावल्या तर जाड तारांचा आवाज पडतो. दुसरा पिझो: घोडीखाली बसवलेली छोटी चकती, जी घोडीचा दाब मोजते. आवाज लाकडी मँडोलिनच्या जवळचा, कडक सुरुवातीचा. पण पिझोचा सिग्नल नाजूक असतो. प्रीअँप नसताना तो सरळ मिक्सरला जोडला तर टिनपाट वाजवल्यासारखं ऐकू येतं आणि दोष वाद्याच्या माथी येतो. प्रीअँप असलेल्या वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचून ठेवली की वाजवत नसतानाही ती उतरते.

चुंबकी पिकअपमध्येही एक गंमत आहे. कुणी गिटारचाच पिकअप मँडोलिनवर बसवतो. गिटारच्या सहा तारांसाठी केलेले चुंबकाचे खिळे मँडोलिनच्या तारांखाली बरोबर येत नाहीत. मग एक तार ढणढणीत आणि शेजारची मुकी. दुकानात चारही तारा उघड्या, एकाच जोराने छेडून बघाव्यात. खिळ्यांऐवजी सलग पात्याचा पिकअप असेल तर हा त्रास उरत नाही. एका कॉइलच्या पिकअपला विजेच्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर लागते. मंडपात डोक्यावर रोषणाईच्या माळा असताना ती फार जाणवते. दोन कॉइल उलट जोडलेला हंबकर ती बरीच मारतो, थोडी चमकही मारतो. मंडपात वाजवणाऱ्याला हंबकरच सोयीचा.

पोकळ अंगाचं वाद्य घरात गोड लागतं. डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे तेच वाद्य शिट्टी मारायला लागतं, कारण स्पीकरचा आवाज पोकळ पेटीला हलवतो आणि तो पुन्हा पिकअपमध्ये शिरतो. मिरवणुकीसाठी भरीव अंगच घ्यावं.

बांधणी: इथे घाई नको

पिकअप बदलता येतो. खुंट्या, घोडी, वायरिंग सगळं बदलता येतं. दांडी आणि तिच्यावरचे पडदे चुकले तर वाद्य गेलं. म्हणून परीक्षेची सुरुवात दांडीपासून.

आठ तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोच्या घरात जातो. एक धडधाकट माणूस त्या दांडीला कायम लोंबकळतो आहे असं समजा. त्यात आपली हवा. आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध, पारा एक आकड्यात उतरतो. उन्हाळ्यात तोच ४४-४५ ला टेकतो, आणि मधे चार महिने ओल. लाकूड वर्षभर फुगतं-आटतं. दांडीच्या आत पिळता येणारा लोखंडी ट्रस रॉड असेल तर वाक काढता येतो. स्वस्त वाद्यांत तो असेलच असं नाही, आणि दुकानदार आपण होऊन सांगणार नाही. विचारून घ्यावं, पाना मागून बघावा. मग एक तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरावी. मधल्या पडद्यांवर तारेखाली केसाएवढी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर दांडी वाकलेली आहे. फट अजिबातच नसेल तर ती मागे झुकली असेल आणि तार पडद्यांवर खडखडेल.

पडद्यांची परीक्षा दुकानदाराला नको असते, पण ती करावीच. मोबाईलवर फुकटचं ट्यूनर ॲप असतं. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही वेळा तोच सूर यायला हवा. फरक असेल तर लगेच वाद्य खाली ठेवू नका. सरकती घोडी जराशी मागेपुढे केली की तो बऱ्याचदा जातो. बारावा जुळला आणि पाचवा-सातवा मात्र बेसूर, तर पडदेच चुकीच्या जागी ठोकलेत. याला इलाज नाही. टेप असेल तर ते मोजूनही कळतं. तारेची वाजती लांबी ३५० मिलिमीटर असेल तर पाचवा पडदा साधारण ८८ वर, सातवा ११६ वर आणि बारावा १७५ वर हवा. म्हणजे पाचवा सुमारे पाव लांबीवर, सातवा सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आणि बारावा बरोबर अर्ध्यावर. शेवटी पडद्यांच्या कडांवरून तळहात फिरवावा. खरखर लागली तर कानशीने घासायचं कामही कुणी केलेलं नाही, हे समजून घ्यावं.

"सागवानाचं आहे" हे वाक्य या भागात हमखास ऐकू येतं, आणि आदिलाबादच्या जंगलातलं सागवान नावाजलेलं आहेच. सतारी-तंबोऱ्यांतही तून आणि सागवान वापरतात. पण सागात तेल असतं. जोड पुसून, स्वच्छ करून चिकटवला नाही तर डिंक धरत नाही. म्हणून लाकडाच्या नावापेक्षा दांडी धडाला जिथे मिळते तो सांधा बघावा. तिथे रेघ, फट किंवा भरलेलं पुट्टीचं रंगकाम दिसलं तर साग असो की शिसम, फरक पडत नाही. गावातल्या सुताराकडून अंग करून घेण्याचा विचार काही जण करतात. भरीव अंग तो करेलही. दांडी मात्र त्याच्यावर सोपवू नये, त्यासाठी वाद्याचा कारागीरच लागतो. निर्मलच्या खेळण्यांचं पोनिकी लाकूड हलकं आणि रंगाला सुंदर, पण मऊ. ते खेळण्यांनाच शोभतं.

भजनी मंडळाचा एक वेगळा प्रश्न असतो: पट्टी. गायकाच्या पट्टीप्रमाणे सगळ्या तारा सा आणि प मध्ये लावायच्या म्हटलं की दुकानात लावलेल्या तारा कधी ढिल्या पडतात, कधी तुटतात. बारीक ई तार वर जी पर्यंत चढवली तर ताण सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि ती तुटायच्या बेताला येते. आपली पट्टी दुकानदाराला सांगून त्या जाडीच्या तारा मागाव्यात.

विजेचं काम आणि पैशाचं गणित

जॅकमध्ये केबल हलवून बघावी, कुरकुर आली तर सोल्डरिंग कच्चं. आवाजाची नॉब हळू फिरवावी. मग तारांवरून हात काढावा: हात काढल्यावर घरघर वाढली आणि ठेवल्यावर कमी झाली तर अर्थिंगची तार जोडलेली आहे, पण आतलं शिल्डिंग अपुरं. हात ठेवल्यावरच घरघर वाढत असेल तर ती तार तुटलेली किंवा लावलेलीच नाही.

हीच तार जिवाशीही खेळू शकते. इलेक्ट्रिक वाद्याच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापलेली असेल, अँपमध्ये बिघाड असेल आणि वादकाचे ओठ माईकला लागले, तर धक्का सरळ अंगातून जातो. जनरेटरवरच्या कार्यक्रमात टेस्टरने आधी तारा आणि माईकची जाळी तपासणं हे साउंडवाल्याचं काम आहे, पण वादकाने स्वतः टेस्टर खिशात ठेवावा.

पैसे मोजताना सगळी रक्कम वाद्यावर घालू नये. पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा: चांगली केबल, तारांचे दोन संच, आणि घोडी-पडदे बसवून देणाऱ्या कारागिराची मजुरी. सेटअप केलेलं मध्यम वाद्य, सेटअप न केलेल्या महागड्या वाद्यापेक्षा चांगलं वाजतं. ऑनलाइन मागवायचं असेल तर दांडी बाजूने दिसेल असा फोटो आणि प्रत्येक पडद्यावरचा सूर वाजवलेला व्हिडिओ विक्रेत्याकडून मागावा. परत घ्यायची मुदत किती दिवसांची आणि परतीचं भाडं कोणाचं, हे लेखी विचारावं. पार्सल उघडतानाही मोबाईल चालू ठेवावा, आणि वर सांगितलेली बाराव्या पडद्याची परीक्षा त्याच दिवशी करावी.