बटण गोल, आवाज गोड!

हिंजवडीतून सूसच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत नऊ वाजतात. जेवण, घरच्यांशी गप्पा, उरलेल्या मेल्स... गाण्यांना मुहूर्त लागतो तो रात्री अकराचा. आत बाळ झोपलेलं, भिंतीपलीकडे शेजारचे काका. (2021 मध्ये सूस पुणे महापालिकेत आलं खरं, पण म्हणून फ्लॅटच्या भिंती काही जाड झाल्या नाहीत!) अशा वेळी सिस्टिम किती वॉटची, हे विचारतो कोण? आवाज अगदी बारीक ठेवता येतो का, एवढंच बघायचं. आणि नेमक्या इथेच भल्याभल्या सिस्टिम्स आपटतात. एक पायरी खाली गेलात तर काहीच ऐकू येत नाही, एक वर गेलात की बाळ उठलंच म्हणून समजा.

आयफोनवर आवाजाच्या 16 पायऱ्या, बऱ्याच अँड्रॉइड फोन्सवर 15. आपल्याला हवा असतो तो नेमका दोन पायऱ्यांच्या मधला.

आजोबांच्या घरी ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी रेडिओ असेल, तर त्याचा कान पिळून बघा. जुन्या गोल बटणाला पायऱ्याच नसतात. आत असते कार्बनची वाकवलेली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा. यातली गंमत पुढेच आहे. आवाज दुप्पट वाटायला तो साधारण 10 डेसिबलने वाढावा लागतो, म्हणजे ताकद चक्क दहापट! म्हणून पट्टी अशी बनवतात, की सुरुवातीला विरोध अगदी हळूहळू बदलतो आणि शेवटी भराभर. हा झाला 'लॉग' कंट्रोल. त्याजागी साधा 'लीनियर' बसवला तर पहिल्या पाव फेरीतच दणदणाट, पुढचं बटण नुसतं शोभेला. तेव्हा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत पार्ट घ्यायला गेलात तर 'लॉग द्या' असं स्पष्ट सांगा. जपानी पद्धतीच्या पार्टवर लॉगसाठी 'ए' आणि लीनियरसाठी 'बी' छापलेलं असतं; काही जुन्या युरोपियन पार्ट्सवर मात्र बरोब्बर उलटं!

आणि ते लोण्यासारखं फिरणं? ती करामत दांड्याभोवतीच्या घट्ट ग्रीसची आणि बटणाच्या वजनाची. हाय-फायवाले जपानच्या आल्प्स कंपनीच्या निळ्या डबीतल्या कंट्रोलवर जीव टाकतात. हाताला सुख मिळतं, मान्य. पण बटण मऊ फिरलं म्हणून आवाजही गोड असेलच असं नाही.

दुकानात ट्रायल घेताना सेल्समन आवाज मोठ्ठा करून दाखवेल. तुम्ही तो अगदी कमी करा आणि एखाद्या गायकाचं गाणं लावा. गाणारा मधोमध न राहता डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर डाव्या-उजव्या पट्ट्यांचं जमत नाहीये. दुसरा पीस मागा.

घरच्या जुन्या अँपची खरखर मात्र बहुतेक वेळा धुळीची असते. प्लग काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि नीट वाळू द्या. तरीही खरखरलं तर पट्टी झिजलीय, तपकीर गल्ली गाठा.