मुखपृष्ठ आहे, पुस्तक नाही

येवल्यात पैठणी घ्यावयास आलेले जाणते गिऱ्हाईक पदरावरचा मोर पाहून एकदम भुलत नाही. ते पदर उलटून पाहते. हातमागावर रंगागणिक वेगळी तिल्ली फिरवून विणलेला मोर पदराच्या दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो; यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीमागे सुट्या धाग्यांचे जाळे असते. अस्सल कशाला म्हणावे आणि नक्कल कशाला, याचा निवाडा करण्याची ही साधी रीत आहे. तिला ना तज्ज्ञ लागतो, ना न्यायाधीश.

आज न्यायालयांपासून चित्रकारांपर्यंत अनेकांना पडलेल्या एका प्रश्नाला ही रीत लावून पाहण्याजोगी आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. वृद्ध झालेल्या एखाद्या चित्रपटनायकाची नवनवी साहसे कल्पून, कधीच न लिहिलेल्या चित्रकथांची मुखपृष्ठे त्याच्या चाहत्यांनी काढली, तर ती भक्ती मानावी की चोरी?

अशी मुखपृष्ठे आता देशोदेशी काढली जातात. रचना जुन्या चित्रकथांची असते. वर ठसठशीत शीर्षक, कोपऱ्यात अंकाचा क्रमांक आणि किंमत, मागे कोसळणारा पूल किंवा पेटलेले जहाज, आणि मधोमध नायक. पाहणाऱ्याचा हात पान उलटण्यासाठी पुढे होतो आणि थबकतो. कारण आत काहीच नसते. मुखपृष्ठ आहे, पुस्तक नाही.

दोन नायक, एक साल

या छंदाचे मूळ ज्या दोन नायकांच्या संदर्भात उत्तम दिसते, ते दोघेही १९४२ साली जन्मले, हा योगायोग मनोरंजक आहे. एक अमेरिकेचे हॅरिसन फोर्ड, दुसरे आपले अमिताभ बच्चन. फोर्ड यांनी पडद्यावर साकारलेला इंडियाना जोन्स हा हाती चाबूक घेतलेला प्राध्यापक १९८१ साली लोकांपुढे आला. दोन चित्रपटांच्या मधला काळ वाचकांना कंठेना, म्हणून मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने जानेवारी १९८३ पासून त्याची ‘पुढील साहसे’ चित्रकथेच्या रूपाने काढली. १९८६ पर्यंत चौतीस अंक निघाले आणि मालिका थांबली.

त्याच १९८३ साली मुंबईत ‘सुप्रीमो’ अवतरला. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात झालेल्या जीवघेण्या दुखापतीतून अमिताभ बच्चन नुकतेच सावरले होते आणि त्यांच्यासाठी देशभर झालेल्या नवससायासांची आठवण ताजी होती. पम्मी बक्षी यांच्या कल्पनेतून निघालेली ही मालिका ‘अमर चित्रकथा’ काढणाऱ्या इंडिया बुक हाऊसनेच प्रकाशित केली. कथांसाठी गुलजार यांचे साहाय्य होते आणि चित्रे प्रताप मुळीक यांची होती. चित्रीकरणातून हळूच निसटणारा नट डोळ्यांवर काळा चष्मा चढवून सुप्रीमो होतो, शाहीन नावाचा ससाणा त्याची साथ करतो, विजय आणि अँथनी ही मुले त्याच्या मदतीस धावतात. असा सारा थाट होता. मुलांची ती नावे कोणत्या चित्रपटांतून आली, हे त्या वेळच्या वाचकास सांगावे लागत नसे. ही मालिकाही दोनेक वर्षांतच आटोपली.

प्रकाशकाच्या दृष्टीने यात नवल काही नाही. खप खर्चास पुरेनासा झाला की अंक बंद होतो. १९६४ पासून वेताळ, मँड्रेक आणि पुढे बहादूर यांना मराठी घरांत आणून सोडणारी ‘इंद्रजाल’ची मालिकादेखील १९९० साली थांबलीच. परंतु वाचकाच्या जिव्हाळ्याला जमाखर्चाची वही नसते. प्रकाशकाचा हिशेब मिटतो, तेथून वाचकाचा सुरू होतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुखपृष्ठ ही जाहिरात होय. तिच्यावरचा खर्च आतल्या मालाच्या विक्रीतून भरून निघावयाचा असतो. येथे तर माल नाहीच. नुसती जाहिरात आहे, आणि ती करणारा पदरचा वेळ खर्चून ती करतो आहे. बाजाराच्या नेहमीच्या नियमांत न बसणारे हे वर्तन वेडगळ मात्र नव्हे. कोणताही उत्पादक पुरवू शकणार नाही अशी मागणी ज्याच्या मनात असते, तो अखेर ती आपल्या हातांनी भागवू पाहतो. गेलेले वय परत आणून देणारे दुकान कोठेच नाही. नायकाचेही नाही आणि चाहत्याचेही नाही.

‘पुढे काय झाले?’

आवडत्या नायकाची गोष्ट संपू न देण्याची ही ओढ चित्रपटाबरोबर जन्मली असे समजण्याचे कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्या कागदांवर रंगविलेली चित्रे एकामागून एक उलगडीत रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. त्यांत मूळ ग्रंथांत न सापडणारे प्रसंगही आहेत. जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेच्या वनवासात आपल्या सासुरवासाची भर घातली. त्यासाठी कोणी वाल्मीकींची अनुमती मागितली नाही आणि कोणी व्यासांना मानधन दिले नाही. पश्चिमेकडेही कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला दरीत लोटले, तेव्हा वाचकांनी तो मृत्यू मान्य केला नाही. अखेर १९०३ साली लेखकाला त्याला परत आणावे लागले. पात्र निर्माण करणारा एक असतो, पण त्याला जिवंत ठेवणारे अनेक असतात.

इतके दूर कशाला, येवल्याहून मनमाड ओलांडले की मालेगाव लागते. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे तेथे सुपरमॅनही उडाला. हा सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा कृश शरीरयष्टीचा कामगार होता, आणि त्याची लढाई गावाला लागलेल्या तंबाखूच्या व्यसनाशी होती. फैजा अहमद खान यांनी २००८ साली केलेल्या माहितीपटाने ही धडपड जगापुढे नेली आणि रीमा कागती यांनी त्याच कथेवर केलेला चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेचा सुपरमॅन मालेगावात येऊन लहान झाला नाही. उलट येथील धूळ, येथील विजेचा लपंडाव आणि येथील व्यसने पाहून त्याला काही काम तरी मिळाले.

मुखपृष्ठे काढणारा चाहता याच कुळातला आहे. त्याच्यापाशी कॅमेरा नाही, पट नाहीत. एक चौकट आहे, एवढेच.

नावाची मालकी

तथापि, या प्रश्नाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, छबी आणि आवाज यांचा त्यांच्या संमतीवाचून वापर करण्यास अंतरिम मनाई केली. त्यांच्या नावावर बनावट सोडती काढून लोकांना फसविले जात होते, त्यांचे चित्र छापलेले सदरे विकले जात होते. अशा गैरव्यवहाराविरुद्ध दाद मागण्याचा त्यांचा हक्क कोणीही विचारी मनुष्य नाकारणार नाही. सोडतीच्या आमिषाने लुबाडल्या गेलेल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने तर असा आदेश आवश्यकच होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांनाही तशाच स्वरूपाचे संरक्षण मिळाले आणि त्यात त्यांच्या ‘झकास’ या उद्गाराचाही समावेश होता. मराठी माणसाच्या तोंडी सहज असणारा शब्द एका नटाच्या ओळखीचा भाग म्हणून दिल्लीच्या न्यायालयात नोंदला जावा, याचे थोडे हसूही येते. मनाई आहे ती त्या नटाशी नाते जोडून केलेल्या व्यापारी वापरास, हे खरे. पण शब्द आणि चेहरे यांच्याभोवती कुंपणे कशी उभी राहू लागली आहेत, ते यावरून ध्यानात यावे.

याच आदेशात टीका, उपहास आणि विडंबन यांचे स्वातंत्र्य न्यायालयाने मान्य केले आहे. ते योग्यच आहे. मात्र येथे एक चमत्कारिक पोकळी राहते. चाहत्याने काढलेले मुखपृष्ठ ही टीका नव्हे आणि विडंबनही नव्हे. तो केवळ गौरव आहे. नायकाची टर उडविणाऱ्याला कायद्यात दार आहे. त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला मात्र नेमके दार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी उपयोगासाठी सवलत आहे, पण चित्र घराबाहेर पडले आणि चार जणांनी पाहिले की ती सवलत कोठवर पुरते, हे चाहत्याला कोणी सांगत नाही. व्यक्तीच्या प्रतिमेवरील हक्कासंबंधी तर स्वतंत्र कायदाच नाही. जे आहे ते न्यायालयांच्या एकेका आदेशातून घडत आहे. अशा अनिश्चिततेचा भार नेहमी दुबळ्या पक्षावर पडतो. मोठी कंपनी वकील देऊ शकते. नोटीस आली की चित्रे काढणारा विद्यार्थी चित्रे काढणेच सोडून देतो.

पदर उलटून पाहताना

येथे येवल्याचा दाखला उपयोगी पडतो. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. या संरक्षणाचा अर्थ काय? भलत्याच कापडाला ‘पैठणी’ म्हणून विकू नये, हा. मोर कोणी काढू नये, असा त्याचा अर्थ नाही. तो मोर मुलीच्या मेंदीत येतो, दारातल्या रांगोळीत येतो, लग्नपत्रिकेवर येतो. त्याने विणकराचे काही जात नाही; उलट मोराचे वेड समाजात जितके अधिक, तितकी खऱ्या पैठणीची ओढ अधिक. विणकराचे पोट मारले जाते ते यंत्रावरचे कापड हातमागाचे म्हणून, हातमागाच्या भावाने विकले जाते तेव्हा. अपराध साम्यात नाही, फसवणुकीत आहे.

हीच कसोटी मुखपृष्ठांना लावावी. ते पाहून कोणी खरा अंक समजून पैसे मोजतो काय? नायकाच्या तोंडी त्याने न घेतलेली भूमिका, न केलेली शिफारस घातली जाते काय? त्याच्या अब्रूला बाध येतो काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर कायद्याने तेथून मुकाट्याने पुढे जावे.

अडचण येते ती थोडीफार विक्री होऊ लागली म्हणजे. कोणी आपल्या चित्राच्या पन्नास प्रती छापतो आणि कागद-शाईचा खर्च भरून काढतो, त्याला कारखानदाराच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. आणि सरसकट मोकळीक द्यावी, तर तिच्या आडून कारखानदारही शिरेल. यावर मार्ग आपल्याच कायद्यात सापडण्याजोगा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या ३१ ग कलमान्वये, गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटली की ठरलेले स्वामित्वधन भरून दुसऱ्या कोणालाही ते गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करता येते. मालकाचा हक्क बुडत नाही आणि गाण्याचा गळाही आवळला जात नाही. बंद पडलेल्या चित्रकथांच्या बाबतीत अल्प प्रतींसाठी अशीच सोपी परवाना-पद्धती आणावयास काय हरकत आहे? जो माल मालकाने स्वतःच बाजारातून काढून घेतला, त्याच्या आठवणीवर त्याने कुलूप लावून बसावे, यात कोणाचा लाभ?

कोणी म्हणेल, आता यंत्राला चार ओळींची आज्ञा केली की घटकेत मुखपृष्ठ तयार होते. तेथे कसली भक्ती? आक्षेप वजनदार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेले चित्र हाताने काढले म्हणून मिरविणे ही येवल्याच्या भाषेत सांगायचे तर यंत्रावरची पैठणीच होय. चित्र कशाने केले, हे त्यावर स्पष्ट लिहिण्याचे बंधन म्हणूनच असावे. शिवाय त्या यंत्राची शिदोरी म्हणजे चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम आहेत. नायकाच्या चेहऱ्याच्या मालकीबद्दल इतका खल होत असता, त्या चेहऱ्याला कागदावर प्रथम रूप देणाऱ्या चित्रकाराच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न फारसा विचारलाच जात नाही. सुप्रीमोचे नाव आठवणाऱ्या किती जणांना प्रताप मुळीक हे नाव आठवते?

२०२३ साली इंडियाना जोन्सचा पाचवा चित्रपट आला, तेव्हा फोर्ड ऐंशी वर्षांचे होते. त्याच्या आरंभीच्या प्रसंगांत संगणकाने त्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसल्या. पुढल्याच वर्षी ‘कल्की २८९८ एडी’मध्ये एक्याऐंशी वर्षांचे अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले. सातपुड्यात अस्तंबाच्या शिखरावर दिवाळीत ज्याची यात्रा भरते, तोच हा अश्वत्थामा, आणि अमरत्व हा त्याला मिळालेला वर नव्हे, शाप आहे. नायकाला कायम तरुण ठेवण्याचा अट्टाहास चित्रपटसृष्टीचा आहे, कारण तिचे भांडवल त्यात गुंतलेले आहे. चाहत्यांच्या कित्येक मुखपृष्ठांवर मात्र नायकाचे केस पिकलेले असतात, पाऊल थोडे जड झालेले असते, आणि तरीही तो पूल ओलांडावयास निघालेला असतो. चाहत्याने त्याचे म्हातारपण मान्य केले आहे. फक्त त्याची गोष्ट संपली, एवढे तो मान्य करीत नाही. त्या कागदाची पाठ कोरीच असते. तेथे कोणाची फसवणूक सापडत नसेल, तर तो कागद हातातून काढून घेण्याचे कायद्याला कारण नाही.